तोलाराच्या घरचा काटा

९ ऑक्टोबर

आजपासून ही वही. बारा वर्षं सोलापूरच्या मार्केट यार्डात तोलार आहे मी. लोकांच्या कांद्याची वजनं लिहून बोटं झिजली, पण स्वतःच्या घरचं कधी काही लिहिलं नाही. आज लिहावंसं वाटलं.

इंद्रायणीचा चौथा महिना सरत आलाय. तिला तपासणीला आरोग्य केंद्रात नेलं होतं. तिथे चंद्रव्वा सिस्टर आहेत, अक्कलकोटकडच्या, वयानं मोठ्या आणि जिभेनं तिखट. त्यांनी हिला काट्यावर उभं केलं. चाळीस किलो दोनशे ग्रॅम. कार्डावर मागचं वजन बघून मला म्हणाल्या, "दोन महिन्यात चारशे ग्रॅम. एवढं तर मेथीच्या जुडीचं वजन असतंय की."

मग नीट समजावलं. बाई मुळात फार बारीक, म्हणून हिला इतरांपेक्षा जास्त वाढायला हवं. इथून पुढे आठवड्याला साधारण अर्धा किलो. दिवस भरेपर्यंत निदान बावन्न तरी झाले पाहिजेत.

पहिल्या खेपेला इंद्रायणीचं वजन नऊ महिन्यांत पाच किलो वाढलं होतं. मुलगी झाली ती एक किलो सहाशेची. बारशापर्यंतही राहिली नाही. आता दोन वर्षं होतील. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही आणि मीही इथे याहून जास्त लिहिणार नाही.

पण या खेपेला मी गाफील राहणार नाही. वजनाचं काम आहे ना, मग ते माझंच काम.

११ ऑक्टोबर

यार्डातून एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा मागून कुंभारीला, आमच्या गावी घरी आणला. सोबत आणलेलं वीस किलोचं प्रमाण वजन ठेवून तपासला. चोख आहे. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून मांडला.

आई म्हणाली, "माणूस तोलतंय व्हय कुणी? दृष्ट लागंल की." अप्पा स्वतः जुने तोलार. ते सरळ काट्यावर चढले, आकडा बघितला आणि उतरले. मीही चढलो. अडुसष्ट.

रोज एक लिटर जास्तीचं दूध लावलं. अंडी, शेंगदाणे, गूळ, डाळी आणून आईच्या हवाली केलं आणि बजावलं, "हे सगळं इंद्रायणीसाठी." आई "व्हय" म्हणाली. म्हणजे काम झालं.

१३ ऑक्टोबर, रविवार

चाळीस तीनशे. आता दर रविवारी तोलायचं.

दुपारी भाकरी, मेथीची भाजी, कढी आणि अंड्याची भुर्जी होती. भुर्जी फक्कड जमली होती, मी दोनदा घेतली. मी आणि अप्पा जेवून उठलो, मग बायका आत जेवल्या. घरात एवढं शिजतंय म्हटल्यावर वजन वाढायचं जातंय कुठे.

२० ऑक्टोबर, रविवार

पुन्हा चाळीस तीनशेच. हरकत नाही. चहा हल्ली मस्त दाट होतो. दुधाचा उपयोग होतोय, हे दिसतंच आहे.

२९ ऑक्टोबर

परवा काटा चाळीस चारशेवर थांबला आणि माझं डोकं फिरलं. आईला नको ते बोललो. ताटावरून उठलो. अप्पांनीही आईला धारेवर धरलं. इंद्रायणी समजवायला आली तर तिलाही झिडकारलं. तेव्हापासून मी घरात नीट जेवलो नाही की आईशी बोललो नाही. दिवाळी तोंडावर आली आणि घरात चार माणसांची चार तोंडं चार दिशांना आहेत.

मला भीती वाटते. भीती वाटली की मी ओरडतो, हे मला कळतं. पण ओरडून झाल्यावर कळतं.

३ नोव्हेंबर, रविवार

एक्केचाळीस! आठवड्यात सहाशे ग्रॅम वाढली. मी आईच्या पाया पडलो. दिवाळीचं राहिलेलं सगळं फराळाचं आज खाल्लं.

१० नोव्हेंबर, रविवार

एक्केचाळीस पाचशे. काल तपासणी होती, पण यार्डात कांद्याच्या गाड्या तुंबलेल्या, मला जाता आलं नाही. इंद्रायणी गावच्या आशाताईंबरोबर गेली होती. म्हणाली, "वाढलंय म्हनल्या सिस्टर." कार्ड विचारलं तर आशाताईंकडेच राहिलं म्हणे. राहू दे. काटा माझ्या घरात आहे, मला कार्ड कशाला हवं?

२४ नोव्हेंबर, रविवार

बेचाळीस पाचशे. यार्डात सगळ्यांना सांगितलं. शेतकऱ्याच्या पिशव्या कधी अशा सरळ आकड्यांत येत नाहीत. कुठे पन्नास दोनशे, कुठे एकोणपन्नास आठशे. ओळीनं सारख्या आल्या तर मी पिशवी सोडून बघतो, आत दगड नाहीत ना म्हणून. आमची इंद्रायणी मात्र शिस्तीची, दर रविवारी मोजून अर्धा किलो. काट्यावर चढायच्या आधी आत जाऊन देवाला हात जोडून येते. मीही बाहेरून जोडतो.

माझं स्वतःचं सत्तर पाचशे झालंय. पट्ट्याला एक भोक नवं पाडून घेतलं.

९ डिसेंबर

आज रजा काढून मुद्दाम बरोबर गेलो. सिस्टरच्या तोंडून कौतुक ऐकायचं होतं.

त्यांच्या काट्यावर एक्केचाळीस शंभर.

मी म्हणालो, "तुमचा काटा बिघडलाय. काल माझ्या काट्यावर त्रेचाळीस पाचशे होतं."

सिस्टर म्हणाल्या, "मग तुमचा काटा गर्भार असंल."

रांगेतल्या बायका हसल्या. मी तडक घरी आलो आणि वीस किलोचं प्रमाण वजन गाडीवर घालून परत गेलो. सिस्टरनी अडवलं नाही. त्यांच्या काट्यावर वजन ठेवलं. बरोबर वीस. एका ग्रॅमचाही फरक नाही.

"झालं समाधान? आता मी विचारते. काल दिवसभरात हिनं काय खाल्लं?"

मी घडाघडा सांगितलं. सकाळी दूध, दुपारी भाकरी, आमटी, भुर्जी, शेंगदाण्याची चटणी, दही. रात्री खिचडी.

"हे तुमी खाल्लं ते झालं. ही काय खाल्ली?"

मी इंद्रायणीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"जेवताना कदी बगितलंय का हिला?"

पाच वर्षं झाली लग्नाला. मी खूप आठवून बघितलं. ताट वाढताना आठवली, भाकरी थापताना आठवली, भांडी घासताना आठवली. जेवताना नाही आठवली. आमच्यात आधी पुरुष जेवतात, बायका मागून आत. मागून म्हणजे काय असतं, ते बघायला मी कधी आत गेलोच नव्हतो.

१० डिसेंबर

सकाळी घरचा काटा तपासला. तोही चोख निघाला. मग उरली काय ती इंद्रायणी.

मी काही विचारायच्या आत तिनं एक फडक्याची पुरचुंडी आणून पुढे ठेवली. आत अप्पांची जुनी लोखंडी वजनं. दोन किलोचं एक आणि दोनशेची दोन. रविवारी देवापुढे जायची ती हे कमरेला बांधायला.

अख्ख्या यार्डात बारा वर्षांत मला कुणी फसवू शकलं नाही. माझ्याच घरच्या वजनांनी माझ्याच काट्यावर मला बायकोनं फसवलं. राग आला, हसूही आलं. पण पुरचुंडीच्या गाठीनं तिच्या कमरेला पडलेला काळानिळा वळ दिसला आणि दोन्ही गेलं.

"का केलंस?"

"तुमी ताटावरनं उठत हुता. आत्याबाईंस्नी बोलत हुता. मला वाटलं, आकडा वाढला की घर शांत ऱ्हाईल."

"आणि दूध? अंडी?"

"दुधाचा चहा हुतो सगळ्यांचा. अंडी तुमास्नी आवडत्यात." मग म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, अर्धीच भाकरी खा. पोट हलकं ऱ्हायलं की बाळ बारीक ऱ्हातंय, सुटका सोपी हुती. पयल्या टायमाला बी तसंच हुतं."

माझी अडीच किलो कुठून आली ते आता कळलं. तिच्या तोंडचं मी खाल्लं, वर ढेकर दिला आणि इथे लिहून ठेवलं की भुर्जी फक्कड होती. मागची पानं फाडावीत असं मनात आलं. फाडली नाहीत. असू देत तिथेच.

१२ डिसेंबर

काल आईशी भांडायचं म्हणून घरात शिरलो आणि तिच्याकडे बघून भांडता आलं नाही. कुणी न सांगताच तिला सगळं कळलं होतं. चुलीपाशी नुसती बसून होती.

आज चंद्रव्वा सिस्टर घरी आल्या. मीच विनवून बोलावलं होतं. त्यांनी आईला दोष दिला नाही. चहा घेतला, तोही बिनदुधाचा मागितला. मग आईला म्हणाल्या, "दगडाबाई, का वाढत न्हाई हिला?"

आई बोलली ते मी एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिची थोरली बहीण, मंगळवेढ्याकडच्या रानातल्या वस्तीवर, पहिल्या बाळंतपणात अडली. बैलगाडीतून नेताना वाटेतच गेली. बाळ मोठं होतं म्हणून अडलं, असं तेव्हा सगळे म्हणाले. आई गाडीत बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. चौदा वर्षांची होती ती.

"माज्या सुनंचं तसं हुऊ ने म्हनून मी..." एवढंच म्हणाली.

सिस्टर तिच्याजवळ सरकून बसल्या. अडायला कारणं पुष्कळ असतात, त्यासाठीच आता तपासण्या आहेत, दवाखाना आहे, गाडी आहे, असं सांगितलं. सून उपाशी राहिली तर सुटका सोपी होत नाही, तिच्या अंगातली ताकद तेवढी जाते. मग वाढलेलं वजन कुठे कुठे जातं ते बोटांवर मोजून दाखवलं. बाळ तीन किलोच्या आसपास. वार, पाणी, वाढलेली पिशवी. अंगात वाढलेलं रक्त. छातीतली वाढ. आणि पुढे दूध पाजायला म्हणून अंगावर साठवलेलं थोडं.

मला हे एका क्षणात समजलं. मालाबरोबर बारदान आलंच. पोत्याशिवाय कांदा तोलायला निघालेला शहाणा मी. अप्पांनाही समजलं, त्यांनी मान हलवली.

आईनं मात्र वेगळंच विचारलं. "सिस्टर, मग ती पयली पोरगी... उपाशी हुती व्हय?"

इंद्रायणी दारात उभी होती.

सिस्टर म्हणाल्या, "एकच कारण कदी नसतंय, दगडाबाई. ते मला सांगता येनार न्हाई. आताचं तेवढं आपल्या हातात हाय."

आई रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही चौघंही रडलो, आणि त्या पोरीचं नाव ठेवायचं राहिलं होतं हेही पहिल्यांदा बोललो.

१३ डिसेंबर

दुपारी घरी आलो तर ताटं मांडलेली होती. दोन. एकावर इंद्रायणी, शेजारी आई. अप्पा भिंतीला टेकून बघत बसलेले.

अप्पा म्हणाले, "ही काय उलटी तऱ्हा काढलीया?"

आई भाकरी मोडत म्हणाली, "आदी दोन जीव जेवतील. तुमचा एकच हाय, जरा दम धरंल."

चाळीस वर्षांच्या संसारात अप्पांनी पहिल्यांदा बायकोचं जेवण व्हायची वाट बघितली. मीही त्यांच्या शेजारी बसलो. भूक सडकून लागली होती, पण गंमतही वाटत होती.

इंद्रायणीला सगळ्यांसमोर जेवायची सवय नाही. मान खाली घालून, चोरी केल्यासारखी खाते. आई तिच्या ताटातलं अंडं उचलून मला दाखवते आणि परत ताटात ठेवते. मी हात जोडतो.

२२ डिसेंबर, रविवार

बेचाळीस तीनशे. पुरचुंडी कपाटात, किल्ली आईकडे. तरी आईनं इंद्रायणीच्या कमरेला हात लावून बघितलं, मगच आकडा वाचू दिला.

३० डिसेंबर

आज वेळ अमावस्या, रानात पूजा करून तिथेच जेवायचा सण. मामाच्या मंगळवेढ्याच्या रानात गेलो होतो. ज्वारी छातीला लागतेय, हुरडा धरायला अजून वेळ आहे. रानात या दिवशी कुणी आधी, कुणी मागून असं नसतं. सगळे एका पंगतीत बसतात.

इंद्रायणीचं माहेरही याच तालुक्यातलं, इथे आली की ती मोकळी होते. बाजरीचे उंडे, भाज्या आणि कडधान्यांची भज्जी, वर ताकातली आंबील. तिनं भज्जी तीनदा घेतली. मी शेजारी बसून पहिल्यांदा तिला जेवताना नीट बघितलं. ती भराभर जेवते आणि घास तोंडात असताना हसते. हे मला माहीत नव्हतं.

९ जानेवारी

केंद्रातल्या काट्यावर त्रेचाळीस नऊशे. महिन्यात दोन किलो आठशे. सिस्टर म्हणाल्या, "काटा बरा हाय का आज आमचा?" मी म्हटलं, "सोन्यासारखा."

पण सोनोग्राफीत बाळ जरा लहान दिसतंय. पंधरा दिवसांनी परत बघू म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

चव्वेचाळीस शंभर. दहा दिवसांत दोनशे ग्रॅमच. दोन घास खाल्ले की तिला जळजळ होते, पोटात जागाच नाही म्हणते. मी ओरडलो नाही. बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. अप्पा येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "ढीग एकदम उचलत न्हाईत बिभीषणा. पाटी पाटीनं उचलायचा."

सिस्टरना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं.

हे काम आईनं अंगावर घेतलं. आता इंद्रायणी जिथे जाईल तिथे आई वाटी घेऊन मागे. शेंगदाण्याचा लाडू, ज्वारीच्या लाह्या दुधात, उकडलेलं अंडं, केळं. परवा इंद्रायणी न्हाणीतून बाहेर आली तर आई दाराशी वाटी घेऊन उभी होती.

२६ जानेवारी, रविवार

परवा सोनोग्राफी झाली. बाळ वाढलंय. लहान आहे, पण आपल्या रेषेवर आलंय, असं डॉक्टर म्हणाल्या. मी रेषा दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवली. मला त्यातलं काही कळलं नाही, तरी मी बराच वेळ बघत होतो.

१० फेब्रुवारी

शेहेचाळीस आठशे. साखर ठीक, रक्तही वाढलंय. केंद्रात सिस्टरनी आईला रांगेतल्या दुसऱ्या एका सासूशेजारी बसवलं. ती सासू म्हणत होती, पोट हलकं ठेवलेलं बरं. आई तिला म्हणाली, "बाई, माजं ऐका. मी हे एकदा करून बसलीया." पुढे ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण ती सासू जाताना सुनेला घेऊन केळीवाल्याकडे वळली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

१० मार्च

एकोणपन्नास चारशे. बावन्न होत नाहीत बहुतेक. सिस्टर म्हणाल्या, "उशिरा सुरवात करून एवढं केलं, हेच लई हाय." पहिली खेप बघता बाळंतपण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात करायचं ठरलंय. माझं वजन सदुसष्ट. आधी बायका जेवतात, मग उरेल ते आम्ही. अप्पा म्हणतात, उरतच नाही.

२३ मार्च

झाली. मुलगी.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कापाकापी न करता. परवाच्या शेवटच्या मोजणीला इंद्रायणी पन्नास किलो तीनशेवर होती. बावन्नला कमी पडलो म्हणून मी रात्रभर स्वतःला कोसत होतो.

नर्सनं बाळाला काट्यावर ठेवलं आणि मला काचेतून आकडा दिसला. दोन किलो आठशे पन्नास. वाचायला चुकलो असेन म्हणून दारातून विचारलं. नर्स म्हणाली, "दोन आठशे पन्नास. छान आहे वजन." मी परत विचारलं. तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी आईसाठी विचारलं, कारण आई काट्याकडे पाठ करून उभी होती.

आकडा ऐकल्यावर आई वळली. बाळाला हातात घेतलं, दोन्ही हातांत जरा खालीवर केलं आणि म्हणाली, "भरलीया." तोलारकीतला सगळ्यात मोठा निकाल तो. अप्पा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

२४ मार्च

दुपारी आई घरून डबा घेऊन आली. मऊ भाकरी, शेपूची भाजी, मुगाची आमटी, तूप. मोठा डबा, तिघांचा. बाळ रडून, पिऊन, माझ्या आईच्या मांडीवर झोपलं होतं. वॉर्डात सगळीकडे माणसं. शेजारच्या खाटेभोवतीच सहाजण.

इंद्रायणी पलंगावर मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. मान खाली नव्हती. येणारे जाणारे बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं. दोन भाकरी संपल्या. आमटीची वाटी तिनं बोटानं पुसून घेतली. मग समोर बघून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, अजून हाय का भाकरी? मला भूक हाय."

पाच वर्षांत या बाईनं आमच्या घरात काही मागून खाल्लेलं मी ऐकलं नव्हतं. आईनं झोपलेली नात माझ्या हातात दिली, डब्यातल्या तिच्या आणि माझ्या वाटणीच्या भाकरी उचलल्या आणि चारही तिच्या ताटात ठेवल्या. इंद्रायणीनं त्यातल्या तीन खाल्ल्या.